रिकाम्या खुंटीवरचा लाल दिवा

आमच्या खाणीत बत्ती विझली असं कोणी म्हणत नसे. ज्याला रोज जमिनीखाली उतरायचं आहे त्याच्या तोंडात तो शब्द घालणार कोण? आपण नारळ फोडतो आणि 'वाढवला' म्हणतो, बाईच्या हातातली बांगडी पिचली की 'वाढली' म्हणतो, तसंच तिथे बत्तीलाही लागू झालं होतं. पाळी सुटली की एखादा माणूस लॅम्परूमच्या खिडकीत आपली बत्ती ठेवायचा आणि आवाज खाली करून म्हणायचा, "वहिनी, वाढली जी." म्हणजे आत काम चालू असताना ती गेली. मी ती बत्ती बाजूच्या टेबलावर दुरुस्तीला ठेवायचे, आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुसरी द्यायचे. यात कधी घोटाळा झाला नव्हता.

नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाला लागून ही मॅंगनीजची खाण. माझे यजमान तिथे कामाला होते आणि ऐंशी सालानंतर कधीतरी मीही लॅम्परूममध्ये लागले. बाईला कसं घेतलं, तर मला बॅटरी कळत होती. माझं माहेर लाखनीचं. वडिलांचं हायवेवर ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. भाताला पाणी किती घालायचं हे कळण्याआधी मला काचेच्या नळीत तेजाब ओढून ग्रॅव्हिटी पाहता येत होती. माझ्या सगळ्या फ्रॉकांना तेजाबाची भोकं होती. आई म्हणायची, हिला सासर बॅटरीवाल्याचंच मिळायला हवं. मिळालं खाणवाल्याचं, पण बॅटरीनं काही पाठ सोडली नाही.

लॅम्परूममध्ये माणसाला नाव नसतं, नंबर असतो. भिंतीवर खुंट्यांच्या रांगा, खुंटीवर पितळी नंबर. कमरेला बांधायची बॅटरी, तिच्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला टोपीवर बसवायचा दिवा, असा एकेकाचा संच. पाळीवरून आला की आपल्या नंबरच्या खुंटीवर संच लटकवायचा, दिव्याच्या खाचेत खुंटीवरची चावी बसली की चार्जिंग सुरू. भरलेली खुंटी म्हणजे माणूस वर आला. रिकामी खुंटी म्हणजे माणूस आत आहे. पाळी सुटल्यावर मुकादम दारातून एकदा भिंतीवर नजर फिरवायचा आणि मगच बिडी पेटवायचा.

एकोणतीस नंबर माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावाचा. तीस नंबर यजमानांचा. दोघं भाऊ एकाच दिवशी कामावर लागले म्हणून खुंट्या शेजारी शेजारी. मी लागले तेव्हा एकोणतीसची खुंटी रिकामीच होती. आदल्या पावसाळ्यानंतर जुन्या बोगद्यात छत बसलं होतं. बाकीचे धावत बाहेर आले, भासरे आले नाहीत. बरेच दिवस दगड उपसले, मग वरचं आणखी खाली येईल म्हणून काम थांबवलं आणि त्या बोगद्याच्या तोंडाशी दगडी भिंत घालून तो बंद करून टाकला. भासरे आत राहिले. त्यांची बत्तीही आत राहिली. तो नंबर नव्या माणसाला देऊ केला तर कोणी घेईना. मग नाद सोडला.

जाऊबाईंनी हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या नाहीत. आमच्या क्वार्टरच्या रांगेतल्या बायका हात धुऊन त्यांच्या मागे लागल्या होत्या. "आता वाढव ना बाई. असं चांगलं नसते." जाऊबाईंचं उत्तर ठरलेलं, "पाह्यलं का कोणी त्यायले मेलेलं? नाई ना? मंग कायले वाढवू?" मी त्यांच्या बाजूची. मी त्या बायकांना एकदा नळावरच चांगलं झापलं होतं. हात तिचे, बांगड्या तिच्या, तुमच्या बापाचं काय जातं, असं तोंडावर बोलले होते. मला तेव्हा मी फार बरोबर वाटत होते.

चार्जिंगचा नवा बोर्ड आला तो याच सुमाराला. तो बसवायला एक तरुण इलेक्ट्रिशियन साहेब आले, घाटावरचे. हसतमुख, बोलायला मऊ, मला 'बाई' म्हणायचे. जुन्या पद्धतीत सगळ्या बत्त्या रात्रभर सारख्याच भरत राहायच्या, जिला नको तिलाही करंट मिळायचा. नव्या बोर्डात प्रत्येक खुंटीवर दोन बारीक दिवे होते. बॅटरी करंट घेत असली की लाल. भरली की बोर्ड आपण होऊन करंट तोडणार आणि हिरवा लागणार. खुंटी रिकामी असली की दोन्ही बंद. साहेबांनी पहिल्या दिवशी मला स्टूलवर बसवून सगळं समजावलं आणि वर म्हणाले, "बघा बाई, आता बत्त्यांचं आयुष्य कसं वाढतं ते." मला तो बोर्ड मनापासून आवडला होता. पाळीनंतर सगळी भिंत लाल व्हायची आणि सकाळपर्यंत एकेक करत हिरवी. धान पोसवल्यावर बांधावर उभं राहून पाहावं तसं वाटायचं.

एका दुपारी पाळी सुटली, माणसं बत्त्या लटकवून गेली आणि मी भिंतीकडे पाहिलं. एकोणतीसचा लाल लागलेला होता.

खुंटीवर काही नव्हतं. नुसती चावी आणि वर पेटलेला लाल दिवा. मी जवळ गेले, फुंकर मारली, फडक्यानं पुसलं. दिवा तसाच. साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "ओल आली असेल. तेजाबाचा क्षार साचतो ना, त्यातून करंट वाट काढतो. बोर्डाला वाटतं बॅटरी लागली." हे मला पटलं. आमच्या दुकानातही असं व्हायचं. मी सोड्याच्या पाण्यानं ती चावी घासली, कोरडी केली. लाल गेला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर पुन्हा लागला. आणि सकाळी कामावर आले तर तिथे हिरवा. पहिल्या पाळीची माणसं बत्त्या घेऊन उतरली, तसा हिरवाही विझला. जणू कोणी आपली भरलेली बत्ती काढून घेऊन गेलं.

क्षार असता तर दिवसभर लाल राहिला असता, हे मला कळत होतं. क्षाराला पाळीचा भोंगा कुठून ऐकू येणार? मी साहेबांना तसं विचारलं. ते हसले, पण त्यानंतर त्या खुंटीखालून जाताना ते थोडं कडेनं जायला लागले.

जाऊबाईंना मी सांगितलं नव्हतं. पण खाणीत गोष्ट राहते कुठे? एके दिवशी त्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. मी काही म्हणायच्या आत त्यांची नजर बरोबर त्या खुंटीवर. लाल पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. रडल्या असत्या तर मी पाणी दिलं असतं, जवळ घेतलं असतं. त्या हसत होत्या.

"आले," त्या म्हणाल्या.

"जाऊबाई, चावीवर ओल येते. साहेबायले विचारा."

"तुले ओल दिसून राहिली, मले ते दिसून राहिले."

मग त्या रोजच यायला लागल्या. पाळी सुटायच्या वेळेला, डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या, खिडकीच्या कडेला उभ्या. लाल लागला की घरी जायच्या आणि एक ताट जास्त वाढायच्या. मी यजमानांना म्हटलं, हे थांबवायला हवं. ते म्हणाले, "राहू दे ना. वयनी हासून राहिली, तेवढंच." पण त्यांनाही ते लागलं होतं. खुंटीवर बत्ती लटकवताना ते शेजारच्या लाल दिव्याकडे पाहायचे नाहीत. मान वळवून लटकवायचे.

मला खरं सांगायचं तर त्या दिव्याचा राग यायचा. भीती वाटायची त्याहून जास्त राग. एक माणूस गेला, घर अर्धं झालं, आणि हा बोर्ड रोज दुपारी तोच माणूस परत आणून दाखवतोय. भिऊन काय करणार, मला त्याच खोलीत रोज आठ तास बसायचं होतं.

थंडीत माझ्या भावाला मुलगा झाला. बारशासाठी मी लाखनीला गेले. एक रात्र राहायचं होतं. खिडकीवर साहेब बसणार होते. त्यांना मी सगळं समजावलं होतं. कुठली बत्ती मंद येते, पाणी कशात कमी आहे, टेबलावर काय ठेवायचं. एवढं सांगितलं, पण एक शब्द सांगायचा राहिला. तो सांगायचा असतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आपण श्वास कसा घेतो हे कोणाला सांगतो का?

बारसं करून दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. बस फाट्यावर उतरवते, तिथून खाण चालत. भोंगा मला वाटेतच ऐकू आला. घरी न जाता पिशवीसकट लॅम्परूममध्ये गेले. माणसं बत्त्या लटकवून निघून गेली होती. खिडकीशी जाऊबाई. आत साहेब, इतके खुशीत की मला पिशवीही ठेवू देईनात.

"बाई, तुम्ही नव्हता आणि तुमच्या बत्त्या वाढल्या बरं का!"

मी बाजूच्या टेबलाकडे पाहिलं, ते रिकामं होतं.

"काल तिघं जण आपण होऊन सांगून गेले. साहेब, वाढली. मी म्हटलं होतं ना, नव्या बोर्डानं आयुष्य वाढेल म्हणून? मी तर त्यांच्या पाठीवर थाप मारली. बत्त्या आपल्या जागेवर लटकवल्या, रात्रीतून तिन्ही भरल्या. लवकर भरल्या, सगळ्यांच्या आधी हिरवा."

सगळ्यांच्या आधी हिरवा. आतून खराब झालेली बॅटरी तशीच वागते. घेतेच थोडं, म्हणून भरतेही पटकन. बोर्डाला वाटतं भरली. वर हिरवा दिवा, आत पुरती पाळी निघेल इतकाही उजेड नाही. वडिलांच्या दुकानात अशा बॅटऱ्यांचा कोपरा वेगळा असायचा.

"कोण कोण, साहेब?"

त्यांनी दोन नंबर सांगितले. मग म्हणाले, "आणि तीस. तुमचे मिस्टर."

मी भिंतीकडे वळले. ते दोन नंबर खुंटीवर होते, माणसं वर आलेली होती. एकोणतीसची खुंटी रिकामी आणि तिच्यावर लाल दिवा, रोजच्यासारखा. तीसची खुंटीही रिकामी होती.

आणि तीसवरही लाल होता.

साहेबांनीही पाहिलं. त्यांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, खालचा चेहरा मात्र पांढरा पडला. खिडकीतून जाऊबाईंचा आवाज आला. इतका समाधानाचा आवाज मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही.

"दोघंही आले बापा आज."

मी हात पुढे करून तीसच्या रिकाम्या खुंटीची चावी धरली. ती कोमट होती. करंट घेणारी चावी असते तशी. मी हात काढला आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मुकादम बिडी टाकून धावत आला. त्या दिवशी त्यानं भिंतीवर नजर टाकली तेव्हा एकोणतीस आणि तीसवरही लाल पाहिला होता आणि खुंट्या न मोजताच गेला होता. आजवर लाल म्हणजे माणूस वर, हे सगळ्यांच्या डोळ्यांत बसलं होतं.

मुकादम आणि आणखी चौघं चांगल्या बत्त्या घेऊन उतरले. साहेब दारात उभे. कोणीतरी त्यांना 'वाढली'चा अर्थ सांगितला. ते खाली बसले. म्हणाले, "आमच्याकडे पण बांगडी वाढते हो. नारळ वाढतो. पण बत्ती?" त्यांना काय बोलायचं? त्यांनी ऐकलं ते मराठीच होतं, आणि माणसांनी सांगितलं तेही.

मी बाहेर गेले नाही. मला त्या दोन दिव्यांवरून नजर काढायची भीती वाटत होती. नजर काढली आणि तीसचा हिरवा झाला तर? हिरवा म्हणजे भरली. भरली म्हणजे आता ती इकडची राहिली नाही, तिकडची झाली, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. जाऊबाई खिडकीत तशाच उभ्या. त्यांना मी म्हटलं, "घरी जा." त्या म्हणाल्या, "काहून? ताटं दोन जास्त वाढीन ना." मला त्या क्षणी त्यांचा तिरस्कार वाटला.

मग तीसचा लाल दिवा गेला. हिरवा झाला नाही, नुसता बंद झाला. थोड्या वेळानं बाहेर आवाज आले आणि यजमान दारात आले. स्वतःच्या पायांनी. अंगावर धूळ, ओठ सुकलेले. त्यांनी सवयीनं बत्ती खिडकीत ठेवली. तोंड उघडलं आणि मिटलं. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही.

घरी गेल्यावर जाऊबाईंनी पाणी आणलं. पाणी प्यायल्यावर यजमान बोलले, भिंतीकडे पाहत. पाळी सुटताना सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मागे राहिली म्हणून ते एकटे मागे फिरले होते. बंद बोगद्याच्या त्या दगडी भिंतीजवळच सब्बल होती. ती उचलली आणि बत्ती मंद, लालसर होत होत पार गेली. आत बत्ती गेली की हलायचं नाही, बसून राहायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. ते बसले. तो काळोख काय असतो ते वरच्या माणसाला कळत नाही, म्हणाले, हात डोळ्याला लागला तरी हात दिसत नाही. सकाळी बत्ती हिरवी होती, म्हणून त्यांना वाटलं होतं साहेबानं रात्रीतून बॅटरी बदलली.

मग त्या भिंतीच्या फटीतून उजेड आला.

"पलीकून," ते म्हणाले. "भिंतीच्या पलीकून. आपली टोपीचीच बत्ती. चालून राहिली होती. दादा चाले तशी, डाव्या अंगाले झुकून."

खाणीत एक रीत आहे. समोरून बत्ती आली की दोघांनी मान खाली घालायची, म्हणजे उजेड डोळ्यांत जात नाही, आणि राम राम म्हणायचं. यजमानांनी राम राम म्हटलं. पलीकडची बत्ती खाली झाली नाही. फटीतून सरळ त्यांच्यावर रोखून राहिली. त्यांना वाटलं उठावं, फटीशी जावं, दोन दगड काढावेत. सब्बल तर हातातच होती. ते उठलेही.

"मी म्हटलं, दादा, माही बत्ती वाढली."

जाऊबाई पाण्याचा गडवा घेऊन उभ्या होत्या. "मंग?" त्यांनी विचारलं. "मंग काय म्हनले ते?"

यजमानांनी वहिनीकडे मान वळवली. मग म्हणाले, "म्हनला, माही वाढतच नाई रे."

कसं म्हणाले, असं मी विचारलं. ते म्हणाले, रागानं नाही. दाढ दुखणारा माणूस रात्री सांगतो तसं. कंटाळून. ते ऐकलं आणि त्यांच्या हातातून सब्बल पडली. ते खाली बसले, पाठ फिरवली, डोळे मिटले आणि मुकादमाचे आवाज येईपर्यंत उघडले नाहीत.

जाऊबाईंनी गडवा ठेवला आणि आत गेल्या. त्यांनी त्या दिवशी जास्तीचं ताट वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या जरा आधी त्या लॅम्परूमच्या दारात आल्या. खिडकीत नाही, दारात. मला म्हणाल्या, "मले वाटे ते रोज वर येऊन राहिले. ते वर नोयते येत बाई. मीच त्यायची बत्ती रोज भरून देवो. अन ते बिचारे चालून राहिले."

मी म्हटलं, "असं काही नसते जाऊबाई. करंट आहे तो. ओल आहे." हे मी त्यांना कित्येकदा सांगितलं होतं. त्या दिवशी माझाच आवाज मला खोटा वाटला.

त्या उंबऱ्याच्या दगडाशी बसल्या. मी त्यांचा हात धरला. नळावर त्यांच्यासाठी भांडलेली मी, मीच तो हात धरून बसले होते, वाढवा म्हणायचं की थांबा म्हणायचं ते ठरेना. त्यांनी माझी बोटं सोडवली, हळूच, आणि बांगड्या दगडावर वाढवल्या. एका हाताच्या, मग दुसऱ्या. एक काच मनगटात रुतली, रक्त आलं. मी काचा वेचल्या. लॅम्परूममध्ये काच राहू द्यायची नसते, अनवाणी माणसं येतात.

भोंगा झाला. माणसं आली, बत्त्या लटकवून गेली. यजमानांनी नवी बॅटरी लटकवली आणि पहिल्यांदा मान न वळवता शेजारी पाहिलं. सगळी भिंत लाल होती. एकोणतीसवर काही नव्हतं. लाल नाही, हिरवा नाही. त्यानंतर तिथे दिवा कधी लागला नाही.

साहेबांनी त्याच दिवशी त्या खुंटीची चावी आणि मागची वायर बदलली होती. ते मला नंतर कळलं. बांगड्यांच्या आधी बदलली की नंतर, हे मी त्यांना विचारलं नाही. ते खाणीत होते तोवर विचारता आलं असतं. पुढे त्यांची बदली झाली.

मी त्या खोलीत आणखी बरीच वर्षं काढली. पाळी सुटली की मी आधी एकोणतीसकडे पाहायचे आणि मग तीसकडे. यजमान रिटायर होईपर्यंत हा क्रम चुकला नाही. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. बल्ब गेला की यजमान 'मेला' म्हणतात. आणि काम करताना माझ्या हातातली बांगडी पिचली की शेजारणी अजूनही घाबरून ओरडतात, "वाढली म्हण, वाढली म्हण!"

मी फुटली म्हणते.